तिसरा कुकारा

गोव्याच्या हद्दीलगत, दिग्गीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून बरीच आत, मोजक्या घरांची एक वाडी आहे. वाडीत फोन लागत नाही. बोलायचं असेल तर मागचा चढ चढून कातळावर यावं लागतं. सपाट, काळा पडलेला जांभा. त्याच्या पुढच्या टोकाशी उभं राहिलं की फोनवर एक दांडी उमटते, नशीब असेल तर दोन. लोक त्याला फोनाचा कातळ म्हणतात. तिथं येऊन ते मुलांशी, व्याह्यांशी, रामनगरच्या दुकानदारांशी मोठमोठ्यानं बोलतात. वाडीतलं गुपित म्हणून जे काही असतं ते पहिल्यांदा त्या कातळावर फुटतं.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी भाग्यलक्ष्मी तिथं बसून पुण्याच्या फोनची वाट पाहत होती. वाडीत तिला भागू म्हणत. शेजारी तिची आत्ती इंदुबाई पाय पसरून बसली होती आणि लुगड्याला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होती. आत्तीचं फोनशी काही काम नव्हतं. पण झिलू गेल्यापासून तिन्हीसांजेला तिला घरात एकटीनं बसवत नसे. तसं ती बोलून दाखवत नसे. "चढ चढला की गुडघं मोकळं हुत्यात," एवढंच म्हणे.

झिलू म्हणजे भागूचा आप्पा, आत्तीचा धाकटा भाऊ. श्रावणात तो बेळगावच्या दवाखान्यात वारला. छातीत पाणी झालं होतं. तोंडावर मास्क असल्यानं शेवटी शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. पाणी हवं, उशी वर हवी, एवढं तो हातानं सांगे. भागू पुण्याहून येऊन खाटेशी उभी राहिली तेव्हा त्यानं पापण्या मिटल्या आणि उघडल्या. ती ओळख होती की नुसती झोप, हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं.

आई तिला आठवतच नव्हती. तिला वाढवलं आत्तीनं. आप्पा गोव्यात एका बागायतीत कामाला जाई, तिथल्या मालकीणबाईंच्या ओळखीनं ती वसतिगृहाच्या शाळेत गेली. प्रार्थनेला एक सिस्टर व्हायोलिन वाजवत. भागूनं ते एकदा हातात घेतलं आणि मग ते सुटलंच नाही. आता ती पुण्यात लहान मुलांना व्हायोलिन शिकवत होती, आणि उरलेल्या वेळात स्वतःचं संगीत लिहीत होती. लिहीत म्हणजे खरोखरच, पाच रेघांच्या कागदावर. आत्ती वाडीत सांगे, "आमची भागू कागदावर गाणं करती. पर म्हण म्हटलं तर म्हणत न्हाई."

पुण्यात एक बक्षीस असतं, तिशीच्या आतल्या संगीतकारांसाठी. चेंबर म्युझिकचं. मोठ्या वाद्यवृंदाचं नव्हे. मोजक्या वादकांनी एका खोलीत समोरासमोर बसून वाजवायचं असतं ते संगीत. या खेपेला दोन व्हायोलिनं, त्यांहून जरा खालच्या सुरातली एक व्हियोला आणि सगळ्यांत खर्जातला एक चेलो यांच्यासाठी नऊ मिनिटांच्या आतली रचना मागवली होती. आलेल्यांतून तीन निवडल्या होत्या, त्यांत भागूची होती. येत्या रविवारी पुण्यात ठरलेले चौघे वादक या तिन्ही रचना परीक्षकांपुढं वाजवणार होते आणि तिथंच निकाल लागणार होता. ज्याला बक्षीस मिळेल त्याची रचना तेच चौघे वादक वर्षभर गावोगावी वाजवणार होते, आणि ती छापलीही जाणार होती. भागूचं याआधीचं सगळं लेखन कपाटात होतं. कुणी ते वाजवलं नव्हतं, म्हणजे ऐकलंही नव्हतं. बक्षीस वर्षाआड असतं आणि येत्या चैत्रात तिला तीस पुरी होत होती. पुन्हा अर्ज करायची सोय नव्हती.

रचनेचं नाव होतं 'कुकारा'.

इकडं रानातून परतणारा माणूस समोरच्या डोंगराच्या धारेवर आला की कुकारा घालतो. तोंडाशी हातांची पन्हळ करून दिलेली लांब, वर चढत जाणारी आरोळी. त्यात नाव नसतं, शब्द नसतो. घरच्यांना गळा ओळखू येतो. मग घरातून ओ जाते, चुलीवर पाणी चढतं आणि माणूस धार उतरायला लागतो. पण पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी ऐकली की मगच. रानात हाका मारणारी सगळी माणसंच नसतात आणि ज्याला ओ दिली ते घरापर्यंत येतं, असं तिथं मानतात. न मानणारेही आहेत, पण त्यांच्यापैकी कुणी पहिल्या हाकेला ओ दिल्याचं ऐकिवात नाही.

भागू लहानपणी पहिल्याच हाकेला तोंड उघडायची. आत्ती झटकन तिच्या तोंडावर हात ठेवायची. त्या हाताला राखेचा आणि चिंचेचा वास असायचा. त्या हाताखाली ती दुसरी हाक ऐकायची, जराशी दमलेली. आणि मग दुसऱ्या हाकेनंतर तिसरी येईपर्यंत काहीच नसायचं. झाडं, चुलीतला जाळ, आत्तीच्या बोटांमधून येणारा स्वतःचा श्वास. एवढी मोठी शांतता तिला पुढं कुठल्याही संगीतात भेटली नाही.

पुढं मोबाईल आले तेव्हा आप्पानं त्यांनाही हाच नेम लावला. कातळावरून तो फोन करी आणि एक रिंग झाली की तोडी. पुन्हा करी, पुन्हा तोडी. तिसऱ्यांदा मात्र वाजू देई. खोलीतल्या मुली हसायच्या. "घे, तुझ्या बाबांचं कोडवर्ड सुरू झालं." भागूही हसायची आणि तिसऱ्याला उचलायची.

रचनेत चेलो हाका मारतो, व्हियोला ओ देते, आणि ओ मिळाली की चारी वाद्यं एकदम धावत सुटतात. घर जागं होतं, खळ्यावर गलका होतो, तसं. पहिल्या खर्ड्यात तिनं दोनच हाका लिहिल्या होत्या. तिसरी तिच्या कानाला नको होती. दोनदा ऐकवलेलं तिसऱ्यांदा ऐकवायचं तर तसंच कारण लागतं, असं ती शिकली होती आणि ते तिला पटलेलंही होतं. गेल्या शिमग्याला ती घरी आली तेव्हा संगणकानं वाजवलेला तो खर्डा तिनं याच कातळावर आप्पाला ऐकवला. तो उकिडवा बसला, न पेटवलेली विडी बोटांत धरून, फोनला कान लावून.

"ह्यो मी व्हय?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"गळा बरा दिलायस. पर ही ओ कुणाला दिलीस?"

"तुला की, आप्पा."

"दोनच हाका झाल्या. मी अजून रानातच हाय की गं!"

आणि तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. भागूही हसली. पुण्याला परत गेल्यावर तिनं तिसरी हाक लिहिली आणि रचना पाठवून दिली. निवड झाल्याचं कळलं तेव्हा भाद्रपद संपत आला होता. भागू तेव्हा अजून वाडीतच होती; सांगायला आत्ती होती. आत्तीनं विचारलं, "मग आता पुण्याला कधी जातीस?"

आता वारा सुटला होता. फोन वाजला.

"भाग्यलक्ष्मी, येतोय का आवाज? आम्ही चौघंही आहोत. स्पीकरवर आहेस तू." ही रेश्मा, पहिलं व्हायोलिन वाजवणारी आणि चौघांच्या वतीनं बोलणारी.

"येतोय. तुटला तर पुन्हा लावा."

"वारा केवढा आहे! कुठं बसलीयस?"

"कातळावर."

"म्हणजे?"

"गावाकडं आहे. बोल तू."

"ऐक. अडचण झालीय. तू लिहिल्यात तेवढ्या शांतता पाळल्या की रचना दहा मिनिटांच्या जवळ जाते. कालपासून सगळे प्रयत्न करून झाले. नऊच्या वर गेलं तर बक्षिसासाठी धरणारच नाहीत म्हणतायत. मागच्या खेपेला एकाचं तसं झालंही. काहीतरी कापायला हवं, आणि आजच."

"कुठं कापायचं?"

पलीकडून चेलोवाला वासू म्हणाला, "तिसरी हाक. मलाच वाईट वाटतंय. हाका मी मारतो, माझंच काम कमी होणार."

"वासू, गप रे," रेश्मा म्हणाली.

"पण खरं सांगू? दोन हाकांत ऐकणाऱ्याला सगळं कळतं. तिसऱ्या वेळी लोक घड्याळ बघतील."

"नाहीतर शेवट कापू," भागू म्हणाली. "खळ्याचा भाग."

"वेड लागलंय का?" रेश्मा म्हणाली. "परीक्षकांनी निवडीच्या वेळी त्याच्यावरच तर लिहिलंय. बक्षीस असेल तर तिथं आहे. हे बघ, आम्ही दोन हाकांचं वाजवून दाखवतो. ऐक आणि मग सांग."

भागूनं फोन खडकावर ठेवला आणि आवाज पुरता वाढवला.

"काय म्हणत्यात?" आत्तीनं विचारलं.

"एक हाक कमी कर म्हणत्यात."

"का गं?"

"वेळ जास्त हुतोय."

"पुण्याच्या लोकांस्नी कवा वेळ असतोय," आत्ती म्हणाली आणि पुन्हा कुसळं काढायला लागली.

वाजायला सुरुवात झाली. फोनमधून चेलो पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा येत होता, तरी वासू वाजवत होता सुरेख. रान होतं, पायवाट होती, दोन्ही व्हायोलिनं बारीक बारीक किरकिरत होती. समोरच्या धारेवरचं ऊन वर सरकत झाडांच्या शेंड्यांना लागलं होतं. पहिली हाक आली. चेलो खालून उठला, लांब ओढत वर गेला आणि तिथंच विरला. आत्तीची बोटं थांबली. शांतता. मग दुसरी हाक. पुन्हा शांतता, पहिलीपेक्षा लांब. आणि व्हियोलानं ओ दिली, आणि चौघंही सुटले.

भागू ऐकत होती. फार चांगलं झालं होतं. तिला ते मान्य करणं भाग होतं. दोन हाकांनंतर ओ कशी हवी तिथं पडत होती. खळ्याचा भाग आधी कधी एवढा खुलला नव्हता. रेश्माचं बरोबर होतं, वासूचंही. तिसरी हाक आपण आप्पाच्या एका थट्टेसाठी घातली, आणि आता तो नाही म्हणून ती काढायला हात धजत नाही, याला संगीत म्हणत नाहीत. 'चालेल' हा शब्द तिच्या तोंडात तयार झाला होता. तिनं आत्तीकडं पाहिलं.

आत्तीनं फोनकडं पाठ केली होती. ती धारेकडं तोंड करून बसली होती. तिचा उजवा हात मांडीवरून थोडासा उचललेला होता, बोटं जुळलेली, जणू शेजारी कुणी लहान मूल आहे आणि आत्ता तोंड उघडेल. फोनमधून चार वाद्यांचा कल्लोळ चालला होता. तो तिच्या कानांवरून जात होता, कानात जात नव्हता. ती तिसरीसाठी थांबली होती.

रचना संपली. "नऊच्या आत!" वासू ओरडला. तिकडं कुणीतरी टाळी वाजवली.

आत्ती आणखी थोडी थांबली. मग तिनं हात खाली ठेवला.

"न्हाई आला," ती म्हणाली. भागूला नाही, कुणालाच नाही. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि लुगडं झटकलं. "चल. अंधार पडाय लागला."

"हॅलो? भाग्यलक्ष्मी? आहेस का? कसं वाटलं?"

भागूनं फोन उचलला. "फार छान वाजवलंत," ती म्हणाली. "पण हाका तीन ठेवायच्या."

"आणि कापायचं काय?"

"व्हियोलाची ओ झाली की संपवायचं."

"म्हणजे खळं?"

"सगळं काढायचं."

रेश्मा फोन हातात घेऊन बोलली असावी, कारण तिचा आवाज जवळ आला. "मैत्रीण म्हणून सांगते, तू बक्षीस घालवतीयस. शेवट राहणारच नाही त्याला. नुसती एक ओ! कारण तरी सांग."

भागूला कारण सांगता आलं असतं. माणूस घरी पोचला पाहिजे, आणि पोचल्यावर घरात काय झालं ते आता मला लिहिता येत नाही. पण ते कातळावरून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"तसंच करा," ती म्हणाली. "मी नवा शेवट रामनगरहून पाठवते."

"चैत्रात तिशी ना तुझी?"

"व्हय," भागू म्हणाली. गावाकडचाच शब्द तोंडातून गेला.

उतरताना आत्ती पुढं होती. निम्म्या वाटेवर धारेकडून कुकारा आला. दोघी जागच्या जागी थांबल्या. दुसरा आला. दोघी हलल्या नाहीत. तिसऱ्याला वाडीच्या वरच्या अंगाच्या घरातून एका बाईनं ओ दिली.

"परशूचा गळा," आत्ती म्हणाली. "त्येंच्या घरचा." आणि ती पुन्हा उतरायला लागली.

पुण्याला निघताना भागूनं आप्पाचा फोन आत्तीच्या हातात दिला. हिरवं बटन कुठलं ते परशूच्या बायकोनं आत्तीला दोनदा दाखवलं. "रविवारी सांजेला कातळावर ये," भागू म्हणाली. "काय झालं ते सांगतो." वाडीत बायाही 'सांगते' न म्हणता 'सांगतो'च म्हणतात.

सभागृह लहानच होतं आणि भरलेलं होतं. भागू मागच्या बाजूला, कडेच्या खुर्चीवर बसली. तिची रचना शेवटची होती. रान आलं, पायवाट आली. वासूनं पहिली हाक दिली. दुसरी दिली. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं, कुणीतरी कार्यक्रमाची पत्रिका उलटली. भागूच्या ध्यानात आलं की आपला हात आपल्याच तोंडावर आहे. हाताला कसलाच वास नव्हता.

मग वासूनं तिसरी हाक दिली. तालमीत ऐकलेल्या दोन्हींपेक्षा ती खालून उठली आणि वर जायला तिनं वेळ घेतला. ती संपली, शांतता झाली, आणि व्हियोलानं ओ दिली. एकच साधा, लांब सूर. बस.

चौघांचे गज हवेत राहिले. लोकही तसेच राहिले, कारण त्यांना वाटत होतं, आता काहीतरी सुरू होईल. मग रेश्मानं व्हायोलिन खाली घेतलं तेव्हा टाळ्या झाल्या. बऱ्यापैकी झाल्या.

बक्षीस चेन्नईहून आलेल्या एका मुलाला मिळालं. त्याची रचना खरंच चांगली होती. जिन्यात परीक्षकांपैकी एका वयस्क बाईंनी भागूचा दंड हलकेच धरला. "तुमच्या हाका लक्षात राहतील माझ्या," त्या म्हणाल्या. "पण शेवट फार लवकर आला हो. आम्ही अजून ऐकायला तयार होतो." भागूनं त्यांचे आभार मानले.

रेश्मा आणि वासू चहाला बोलावत होते. आलेच, असं सांगून ती बाहेर आली. फाटकाशी एका सोनमोहराखाली लोकांनी दुचाक्या लावल्या होत्या, तिथं उभी राहिली. या वेळी आत्ती कातळावर आली असेल. नसेलही आली. तिनं आप्पाचा नंबर लावला. स्क्रीनवर अजून 'आप्पा' असंच येत होतं. एक रिंग झाली आणि तिच्या अंगठ्यानं फोन तोडला. तिनं तसं ठरवलं नव्हतं. पुन्हा लावला. एक रिंग, आणि पुन्हा तोडला.

मग ती थांबली. रस्त्यावर बस गेली, रिक्षा गेल्या, फाटकातून हसत माणसं बाहेर पडली. हाका मारणाऱ्यालाही ही शांतता एवढीच मोठी असते, हे तिला धारेच्या अलीकडे बसून कधी कळलं नव्हतं.

तिसऱ्यांदा तिनं वाजू दिला. वाजला. वाजत राहिला. उचलला गेला तेव्हा आधी नुसता वारा आला.

"ओ," आत्ती म्हणाली.

"आत्ती, मी."

"कळलं गं. तिसऱ्याला उचलला न्हवं? काय झालं?"

"न्हाई मिळालं."

"का म्हणं?"

"शेवट लवकर आला म्हणाले."

वारा येत राहिला. "लवकरच आला की," आत्ती म्हणाली. आणि मग, "तिसरी हाक मारली त्या पोरानं?"

"मारली."

"आन ओ?"

"दिली."

कुणी फोन खाली ठेवला नाही. तिकडं दूर कुठंतरी गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजत होती.

"कुठं हाईस तू?" तिनं विचारलं.

"रस्त्यावर. भायेर."

"मग घरला जा. अंधार पडाय लागला."

पुण्यात सगळीकडं दिवे लागले होते. सोनमोहराखालची जागासुद्धा उजळली होती.

"निघतो, आत्ती," भागू म्हणाली. आणि फोन तसाच कानाशी धरून, पलीकडचा वारा ऐकत उभी राहिली.